सव्वीस जणांची सहल, सहा जणांची सहल

तंजावरहून बोलतोय. या मालिकेत मला पहिल्यांदाच ऐकणाऱ्यांसाठी ओळख दोन वाक्यांत उरकतो. मराठा लाइट इन्फंट्रीत होतो, लेफ्टनंट कर्नल म्हणून निवृत्त झालो, आता वय पासष्ट. एकोजीराजांनी 1676 च्या सुमारास तंजावर घेतलं, त्यांच्या मागोमाग इकडे आलेल्या घराण्यांपैकी आमचं एक. त्यामुळे माझं मराठी कुणाला जुनाट वाटेल, कुणाला तमिळ चालीचं. घरात ते स्वयंपाकघर आणि देवघर एवढ्यापुरतं टिकलं होतं. बाकीचं बेळगावला पलटणीत दुरुस्त झालं. जवान हसायचे, मी शिकायचो.

गेल्या भागानंतर बऱ्याच मंडळींनी एकच गोष्ट विचारली. पुण्याहून, बेळगावहून, इंदूरहून, एक बाई तर थेट मस्कतहून. "दक्षिणेतलं वर्षावन बघायला यायचं आहे, निसर्गाला त्रास न देता. बेत कसा आखायचा?" माझ्याकडे याचं उत्तर आहे, कारण एकदा मी हा बेत अगदी शिस्तीत, फौजी पद्धतीने आखला आणि तो साफ चुकला. आधी तेच सांगतो.

निवृत्तीनंतर दोन वर्षं झाली होती. हात शिवशिवत होते. नातेवाईक, गल्लीतली मंडळी, बायकोच्या भजनी मंडळातल्या बायका, त्यांची मुलं, असे सव्वीस जण जमले. एक बस ठरवली. मी चार्ट पेपरवर तक्ता केला: किती वाजता कूच, कुठे चहा, कुठे लघुशंका. सगळं मिनिटावर. आमच्या सरफोजीराजांनी 1820 च्या सुमाराला काशीयात्रा केली तेव्हा बरोबर तीन हजारांचा लवाजमा होता म्हणतात. ते रक्तात असावं. तांड्याशिवाय आम्हाला प्रवास झाल्यासारखा वाटत नाही.

तारखा कशा ठरल्या? शाळांना सुट्टी कधी, त्यावरून. म्हणजे मे महिना. जागा कशी ठरली? बसवाल्याला माहीत होती म्हणून. पोळ्ळाच्चीवरून अण्णामलै डोंगरातलं टॉपस्लिप आणि मग वाल्पारै. इथेच पहिली चूक. टॉपस्लिपला उतरल्यावर सगळे म्हणाले, वा, काय जंगल आहे! सरळसोट उंच झाडं, खाली वाळक्या पानांचा खच. मीही फोटो काढले. संध्याकाळी तिथल्या वनरक्षकाशी तमिळमधून गप्पा मारल्या तेव्हा कळलं की आम्ही दिवसभर सागवान बघत होतो आणि त्यातलं पुष्कळसं माणसाने लावलेलं. इंग्रजांच्या काळात इथला साग जहाजांसाठी आणि रेल्वेच्या स्लीपरांसाठी इतका तोडला गेला की ओंडके वरून उतारावर घसरत सोडायचे. टॉपस्लिप हे नाव त्यावरूनच पडलं. पुढे ह्यूगो वुड नावाच्या वन अधिकाऱ्याने तिथे पुन्हा साग उभा केला. त्याची कबर तिथेच आहे. मोठं काम, वाद नाही. पण सागाचं रान म्हणजे वर्षावन नव्हे. साग पानं गाळतो. वर्षावनात झाडं एकदम पानं गाळत नाहीत, छत वर्षभर मिटलेलं राहतं, भर दुपारी खाली संध्याकाळ असते. आमच्या तमिळमध्ये त्याला मऴैक्काडु म्हणतात, पावसाचं रान.

म्हणून बेत आखताना पहिला प्रश्न 'कुठे जायचं' हा नसतो. 'काय बघायचं आहे आणि ते नेमकं कुठे उरलंय' हा असतो. पश्चिम घाटात वर्षावन सलग पसरलेलं नाही. मध्ये चहा, कॉफी, साग, निलगिरी, धरणं, आणि त्यांच्यामध्ये हिरवे तुकडे. वाल्पारैचं पठार तर याचा नमुनाच आहे. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी तिथे मळेवाले शिरले, रान तोडून आधी कॉफी, मग चहा लावला. आज चहाच्या गालिच्यात इथे एक, तिथे एक असे रानाचे तुकडे उरले आहेत. त्या तुकड्यांत सिंहशेपटीचं माकड राहतं, राजधनेश राहतो. आणि त्या तुकड्यांमधून हत्ती ये-जा करतात.

आता दुसऱ्या दिवसाची संध्याकाळ.

घाटाची 40 वळणं चढून आलो होतो. अर्ध्या बसला ओकाऱ्या झाल्या होत्या, ते सोडा. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी साडेपाचच्या सुमाराला चहाच्या मळ्यातून परत येत होतो. रस्त्याच्या वरच्या बाजूला रानाचा एक तुकडा, खालच्या बाजूला ओढ्याकाठचं रान, मध्ये रस्ता आणि चहा. ड्रायव्हरने करकचून ब्रेक दाबला. वरच्या रानाच्या कडेला हत्ती! पाच मोठे, दोन पिल्लं. माझ्या तक्त्यात हत्ती नव्हते, पण संधी कोण सोडतो? मी कमांडर. मी म्हणालो, उतरा, पण बसच्या जवळच राहा. सव्वीस माणसं उतरली. शिस्तीत उतरली बरं का, कुणी पळापळ केली नाही. मोबाइल वर झाले. पोरांनी आनंदाने चीत्कार केले. मागे दोन गाड्या थांबल्या, त्यातलेही उतरले. वीस-पंचवीस मिनिटं आम्ही तिथे होतो.

हत्ती रस्ता ओलांडायला आले होते. त्यांची रोजची वेळ, रोजची वाट. त्यांनी आमच्याकडे बघितलं, सोंडा वर केल्या, पिल्लांना मध्ये घेतलं आणि वळून चहाच्या मळ्यातून पलीकडच्या उताराला लागले. आम्ही टाळ्या वाजवल्या. खोटं कशाला सांगू, मीही वाजवल्या. रात्री रिपोर्ट लिहिला असता तर लिहिलं असतं: कारवाई यशस्वी, हानी शून्य.

पलीकडच्या उताराला मजुरांची वस्ती होती. मळ्यातल्या कामगारांच्या घरांची रांग, तिला तिकडे 'लाइन' म्हणतात. सकाळी मी फिरायला गेलो तेव्हा मळ्याचा पहारेकरी भेटला. साठीचा माणूस, डोळे लाल. म्हणाला, हत्ती रात्री लाइनीत शिरले. एका घराच्या स्वयंपाकघराची भिंत पाडली, तांदूळ ओढून नेला. माणसं वाचली, कारण सगळी शेवटच्या खोलीत जमली होती, लहान पोरांसकट, पहाटे चारपर्यंत. काल संध्याकाळी हत्ती ओढ्याकडे का नाही गेले, कळत नाही, म्हणाला. रोज जातात. रस्त्यावर कुणीतरी गाड्या लावल्या होत्या म्हणे.

मी काही बोललो नाही. मंडळी, मी बत्तीस वर्षं वर्दीत होतो. मिझोराममध्ये वैरंगटेला जंगलातल्या लढाईचं शिक्षण घेतलंय, मणिपूरच्या रानात रात्री काढल्यात. दुसऱ्याच्या वाटेवर आपण बसलो तर तो दुसरी वाट धरणार, आणि त्या दुसऱ्या वाटेवर कोण आहे हे बघणं आपलं काम, हे मी शेकडो पोरांना शिकवलंय. आणि स्वतः सव्वीस माणसं घेऊन त्या वाटेवर उभा राहिलो. त्या पहारेकऱ्याला 'ते आम्हीच' असं सांगायचं धाडस मला झालं नाही. ते इथे पहिल्यांदा सांगतोय. भिंतीसाठी काही पैसे मळ्याच्या कचेरीत देऊन आलो, कारण न सांगता. त्याला काही अर्थ नाही, ठाऊक आहे.

नंतर वाचत गेलो तेव्हा समजलं की वाल्पारैत या एकाच गोष्टीवर माणसांनी वर्षानुवर्षं काम केलंय. नेचर कॉन्झर्व्हेशन फाउंडेशन या संस्थेने वनखात्याच्या आणि मळेवाल्यांच्या साथीने हत्ती कुठे आहेत ते रोज संध्याकाळी लोकांना कळवायची सोय उभी केली: मोबाइलवर संदेश, स्थानिक केबल टीव्हीवर पट्टी, आणि मोक्याच्या जागी मोबाइलवरून पेटवता येणारे लाल दिवे. दिवा लागला की बाईमाणूस चालत घरी जात नाही, बस वाट बदलते. हे काम करणारे आनंद कुमार यांना 2015 मध्ये व्हिटली पुरस्कारही मिळाला. हीच संस्था 2000 च्या आसपासपासून मोडक्या रानाच्या तुकड्यांत तिथलीच देशी झाडं लावून वर्षावन पुन्हा जोडत आलीये. म्हणजे आम्ही गेलो तेव्हा तिथे शहाणपणाची सगळी व्यवस्था हजर होती. मी तिची चौकशीच केली नव्हती. हॉटेल, बस, जेवण यांची रेकी झाली. त्या डोंगरात संध्याकाळी पाच ते सात काय चालतं याची रेकी नाही.

त्यानंतर काही वर्षं मी सहल काढली नाही. मध्ये 2018 च्या मार्चमध्ये तेनी जिल्ह्यातल्या कुरंगणीच्या डोंगरात वणव्यात ट्रेकला गेलेली वीसहून जास्त माणसं गेली. बहुतेक तरुण. परवानगीचा घोळ, कोरडं गवत, चुकीचा महिना. मग राज्याने ट्रेकिंगसाठी वेगळे नियम केले. त्या बातम्या वाचताना माझा मे महिन्यातला चार्ट पेपर डोळ्यांपुढे यायचा. मग कोविड आला.

दुसरी सहल जानेवारी 2023 ची. तिचं खापर माझ्या नातीवर. अकरा वर्षांची होती. भूगोलाचं पुस्तक घेऊन आली आणि म्हणाली, "आजोबा, आपलं पाणी कुठून येतं?" मी म्हटलं, पुदु आरूतून. पुदु आरू म्हणजे 1930 च्या दशकात काढलेला कालवा, तंजावर शहरातून जातो. "त्यात कुठून?" कल्लणैतून. करिकाल चोळाचा बंधारा, सगळ्या तमिळनाडूचा अभिमान. "त्यात?" कावेरीतून. "कावेरीत?" आता आजोबा अडकले. नकाशा काढला.

आणि नकाशात काय दिसलं ते ऐका. केरळात 44 नद्या. त्यातल्या 41 पश्चिमेला अरबी समुद्रात जातात. फक्त तीन पूर्वेला वळतात: कबिनी, भवानी आणि पांबार. आणि तिन्ही शेवटी कावेरीलाच मिळतात, म्हणजे आमच्याकडे येतात. भवानी नाव ऐकल्यावर मराठी माणसाचे कान टवकारतातच. ही भवानी निलगिरीत उगवते, केरळात उतरते, सायलेंट व्हॅलीच्या डोंगरालगत येते आणि मुक्काली नावाच्या गावापाशी एकदम मागे वळून अट्टप्पाडीच्या खोऱ्यातून परत तमिळनाडूत शिरते. मुक्काली हेच सायलेंट व्हॅली राष्ट्रीय उद्यानाचं दार. तिथून आत गेलं की पाणी कुंती नदीत पडतं आणि ती पश्चिमेला जाते. म्हणजे एकाच डोंगराच्या या अंगाला पडलेला पाऊस तंजावरच्या भाताला, त्या अंगाला पडलेला अरबी समुद्राला. नातीने बोट ठेवलं. "इथे जायचं."

मला इतक्या वर्षांत सहलीचं ठिकाण निवडायला यापेक्षा चांगली पद्धत सापडलेली नाही. आपल्या नळातलं पाणी धरून वर चालत जायचं. जाहिरातीत दिसलं म्हणून गेलात तर तिथे तुम्ही गिऱ्हाईक असता. पाण्याच्या नात्याने गेलात तर थोडे घरचे होता, आणि वागणं आपोआप बदलतं. यात नुसती भावना नाही. आयआयटी मुंबईच्या संशोधकांनी 2018 मध्ये दाखवून दिलं की नैर्ऋत्य मोसमात तमिळनाडूत जो पाऊस पडतो त्याच्या बाष्पात पश्चिम घाटातल्या झाडांनी हवेत सोडलेल्या पाण्याचा मोठा वाटा असतो. आमचं शहर पर्जन्यछायेच्या बाजूचं, वर्षाला हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस, तोही बहुतेक ईशान्य मोसमातला. घाटातलं रान गेलं तर नद्यांचं पाणी तर जाईलच, आभाळातलंही जाईल.

आता बेताचे तपशील. यातले काही आधी मलाच शिकायचे होते.

माणसं सहा. मी, बायको, नात, एक भाचा, आणि माझे एक शेजारी मित्र, निवृत्त हेडमास्तर, त्यांच्या पत्नीसह. सहाच का? एका जीपमध्ये बसतात म्हणून, आणि वाटेवर उभं राहिल्यावर सहांचा आवाज एका खुणेने थांबवता येतो म्हणून. फौजेतही जंगलात टेहळणीला लहान तुकडीच जाते. ज्यांना घेतलं नाही ते रुसले. रुसू देत.

महिना जानेवारी. जून ते सप्टेंबर तिथे नैर्ऋत्येचा पाऊस कोसळतो, रस्ते खचतात, जळवा मोजता येत नाहीत. पाऊस बघायला पावसात जावं असं तरुणांना वाटतं, त्यांनी खुशाल जावं. पण आमच्यात दोघांचे गुडघे आणि एकाचं हृदय होतं. ऑक्टोबर-नोव्हेंबरात ईशान्येचा पाऊस. मार्चनंतर कोरडं पडतं, वणव्याचा धोका, वनखातं कधी कधी वाटा बंद करतं आणि ते योग्यच आहे. डिसेंबर ते फेब्रुवारी बरा. शाळेची सुट्टी बघू नका. नातीची दोन दिवसांची रजा घेतली. तिच्या वर्गशिक्षिकेने कारण वाचलं आणि परत आल्यावर वर्गात सांगायची अट घातली, एवढंच.

परवानगी. सायलेंट व्हॅलीत खाजगी गाडी आत जात नाही. मुक्कालीला वनखात्याकडे नाव नोंदवायचं, तिथून जीप आणि वाटाड्या मिळतो, आणि दिवसाला मोजक्याच गाड्या सोडतात. म्हणून आधी नोंदणी, मग रेल्वेचं तिकीट. आपल्याकडे लोक उलटं करतात आणि मग दारात हुज्जत घालतात. "आम्ही इतक्या लांबून आलोय" हे वाक्य मी फाटकावर तीन भाषांमध्ये ऐकलं. लांबून आल्याचा जंगलाशी काय संबंध?

प्रकृती. हा भाग ज्येष्ठांनी नीट ऐका. जळवेला आमच्याकडे अट्टै म्हणतात. ती चावल्याने काही होत नाही, जीव जात नाही, वेदनाही फारशी नसते. पण तिच्या लाळेत रक्त गोठू न देणारं द्रव्य असतं, म्हणून ती सुटल्यावरही रक्त वाहत राहतं. आमच्या हेडमास्तरांची बायपास झालेली, रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू. त्यांना जळू लागली तर रक्त किती वेळ वाहील? हा प्रश्न त्यांच्या डॉक्टरला आधी विचारला. डॉक्टर म्हणाले, जा, गोळ्या स्वतःच्या मनाने बंद करू नका, दाबून धरायला स्वच्छ कापड ठेवा, पायात गुडघ्यापर्यंत घट्ट विणीचे मोजे घाला आणि विजार त्यात खोचा. जळू ओढून काढायची नाही, नखाने कडेने सरकवायची. ती मिठाने गळते हे खरं, पण मिठाची पिशवी घेऊन रानात शिंपडत चालणारी माणसं मी पाहिली आहेत. ते कशाला? आणि एक अट मी सुरुवातीलाच घातली: ज्याला दम लागेल त्याने सांगायचं, आणि तो सांगेल तिथून सगळे परत. एकाला झाडाखाली बसवून बाकीचे पुढे, असं चालणार नाही. हेडमास्तर म्हणाले, "मग माझ्यामुळे सगळ्यांचं राहील." मी म्हटलं, राहू दे.

राहायची जागा. मुक्कालीत आणि अट्टप्पाडीत सोय होते. 'इको' हा शब्द पाटीवर असला म्हणून काही सिद्ध होत नाही. हल्ली गाडी धुण्याच्या दुकानावरही तो असतो. मी फोनवर विचारतो: सांडपाणी कुठे जातं? रात्री बाहेर दिवे आणि गाणी किती वाजेपर्यंत? कामाला माणसं कुठली? एका ठिकाणी शेवटच्या प्रश्नाला उत्तर आलं, "सगळे ट्रेंड आहेत सर, शहरातून आणलेत." तिथे गेलो नाही. आम्हाला जे घर मिळालं तिथे गरम पाणी बादलीने, जेवणात भात, मोर कोऴंबु आणि रताळी. उत्तम.

सामानाचं फार सांगत नाही. पुळियोदरै आणि दहीभात स्टीलच्या डब्यांत, पाणी घरच्या बाटल्यांत, कपडे मातकट रंगाचे, अत्तर-पावडर नाही. दुर्बीण एक तरी हवी. मोबाइलवर पक्ष्यांचे आवाज वाजवून पक्षी बोलावतात, ते करू नका. पक्ष्याला वाटतं हद्दीत दुसरा आला, आणि पिल्लं सोडून तो भांडायला येतो.

रात्रीच्या गाडीने कोइंबतूर, तिथून आनैकट्टीवरून अट्टप्पाडी. दुसऱ्या दिवशी सकाळी पहिल्या जीपने आत. मुक्काली ते सैरंध्री 23 किलोमीटर, पण वाट अशी की हाडं मोजून घ्या. वाटाड्या तिथल्याच आदिवासी वस्तीतला तरुण. अट्टप्पाडीत इरुळर, मुडुगर आणि कुरुंबर राहतात; रानातले बहुतेक राखणदार त्यांच्यातलेच. तो फार बोलत नव्हता. जीप थांबवायचा, बोट दाखवायचा, आणि आमच्या चेहऱ्यावरून ओळखायचा की दिसलं की नाही.

काय दिसलं? वाघ नाही, हत्ती नाही, आणि मला तेच हवं होतं. एक शेकरू, महाराष्ट्राचा राज्यप्राणी, इकडे शेपटीचा रंग वेगळा. निलगिरी वानरांची हाक ऐकू आली, दिसले नाहीत. धनेशाच्या पंखांचा आवाज, वरून वाफेचं इंजिन गेल्यासारखा. पक्षी छताच्या वर, आम्ही छताखाली. आणि सिंहशेपटीची माकडं. काळं अंग, चेहऱ्याभोवती राखाडी आयाळ, शेपटीला सिंहासारखा गोंडा. सात-आठ जण एका उंच झाडावर बसून काहीतरी खात होते आणि टरफलं खाली टाकत होते. वाटाड्याने झाडाचं नाव सांगितलं: वेडिप्पला. पला म्हणजे फणस, वेडि म्हणजे बार, सुरुंग. नात खो-खो हसली, "मराठीत वेडी फणस!" खोडाला आणि फांद्यांना चिकटलेली काटेरी फळं, पिकली की फुटतात. हे झाड म्हणजे या माकडांचं कोठार आहे. फूलही खातात, बीही खातात. हे झाड रानातून गेलं तर माकडाची उपासमार. आणि हे माकड पश्चिम घाटाबाहेर जगात कुठेही रानात नाही. मला हे वाचून माहीत होतं. टरफल टोपीवर पडल्यावर कळलं.

सैरंध्रीला तीस मीटर उंचीचा मनोरा आहे. हेडमास्तर खाली थांबले, स्वतःहून. ठरल्याप्रमाणे मीही थांबलो, बाकीचे चढून आले, मग त्यांच्या पत्नी खाली थांबल्या आणि मी गेलो. वरून दिसतं ते असं: डोंगरामागून डोंगर, एकही घर नाही, तार नाही, रस्ता नाही. खाली दरीत कुंती नदी. सैरंध्री म्हणजे अज्ञातवासातली द्रौपदी, कुंती म्हणजे कुंती. तिथले लोक सांगतात की पांडव इथे लपले होते. लपायला जागा चांगली आहे, फौजी नजरेने सांगतो.

याच कुंती नदीवर 1970 च्या दशकात धरण व्हायचं होतं, 120 मेगावॅटचा वीजप्रकल्प. मनोऱ्यावरून दिसतं त्यातलं बरंच पाण्याखाली गेलं असतं. केरळ शास्त्र साहित्य परिषदेच्या शाळामास्तरांनी गावोगाव जाऊन लोकांना हिशेब समजावला, सुगतकुमारींसारख्या कवींनी लिहिलं, सालिम अलींसारख्यांनी दिल्लीला साकडं घातलं. 1983 मध्ये प्रकल्प सोडून दिला, 1984 मध्ये राष्ट्रीय उद्यान जाहीर झालं, 1985 मध्ये राजीव गांधींनी त्याचं उद्घाटन केलं. वीज हवी असणारी माणसंही खोटी नव्हती. पलक्काडच्या बाजूला तेव्हा अंधार होता. हे हेडमास्तरांनी नातीला खाली बाकावर बसून समजावलं, दोन्ही बाजूंनी. मला जमलं नसतं.

तिथून नदीवरच्या झुलत्या पुलापर्यंत दीडेक किलोमीटर चालायची वाट आहे. अर्ध्या वाटेवर हेडमास्तर थांबले. कपाळावर घाम, हात छातीवर नाही, पण श्वास मोठा. म्हणाले, "मी इथेच बसतो, तुम्ही पाच मिनिटांत जाऊन या." पूल झाडांमधून दिसत होता. नदीचा आवाज येत होता. नातीने माझ्याकडे बघितलं. मंडळी, मी कबूल करतो, माझ्या तोंडात 'बरं, पाच मिनिटं' आलं होतं. वाटाड्या काही बोलला नाही, नुसता उभा राहिला. मी म्हटलं, परत. सगळे परत. नात अर्धा रस्ता गप्प होती. मुक्कालीत डॉक्टरने तपासलं, रक्तदाब थोडा वर, बाकी ठीक. पूल आम्ही पाहिलाच नाही.

परतीचा रस्ता मात्र मी मुद्दाम पाण्याबरोबर ठेवला होता. हे तुम्हीही करा. मुक्कालीला भवानी जिथे वळते तिथे पाय भिजवले. मग अट्टप्पाडीतून खाली, भवानीसागर धरणाच्या अंगाने भवानी गावाला, जिथे ती कावेरीला मिळते. संगमावर संगमेश्वराचं देऊळ आहे. नातीने विचारलं, तुळजापूरची भवानी हीच का? बायको म्हणाली, देवी एकच, नद्या वेगळ्या. तिथून ईरोडला गाडी पकडली. ईरोड ते तिरुच्ची रूळ बराच वेळ कावेरीच्या काठाने जातात. खिडकीतून नदी दिसत राहते, रुंद होत जाते.

महाराष्ट्रातल्या मंडळींनी इतक्या लांब यायलाच हवं असं नाही. गडहिंग्लजकरांची हिरण्यकेशी आंबोलीला उगवते. तिथल्या देवळाच्या कुंडात 2020 मध्ये माशाची नवी जात सापडली आणि ती जागा पुढे जैवविविधता वारसास्थळ झाली. गोव्याची म्हादई खानापूर तालुक्यात भीमगडच्या बाजूच्या रानातून येते. कराडकरांना कोयना आहेच. तिथलं रान निमसदाहरित-सदाहरित मिसळीचं आहे, साग समजून फसू नका आणि सदाहरित समजून सागही बघून येऊ नका. इंदूर-बडोद्याच्या मंडळींना मात्र रेल्वेत बसावं लागेल.

त्या वर्षी 12 जूनला मेट्टूर धरण उघडलं. तीन-चार दिवसांनी पाणी कल्लणैला येतं, मग इकडे सोडतात. आम्ही पुदु आरूच्या पुलावर उभे होतो. पहिलं पाणी येताना पुढे फेस, काटक्या, वर्षभराचा कचरा ढकलत येतं. नातीने विचारलं, यात मुक्कालीचं पाणी किती? मी खरं ते सांगितलं: भवानी मेट्टूरच्या खाली मिळते, आणि तिचं बरंचसं पाणी भवानीसागरातून ईरोडकडच्या शेतांना जातं. धरण भरून वाहिलं तर आपल्याकडे येतं. "म्हणजे या वेळी कदाचित थोडंसंच," ती म्हणाली. हो, थोडंसंच.

आता ती तेरा पूर्ण आहे आणि तीन नद्यांपैकी पांबारचं काढून बसलीये. पांबार चिन्नारच्या अंगाने उतरते, पुढे तिची अमरावती होते आणि करूरपाशी कावेरीला मिळते. परवानगी कुणाकडून घ्यायची ते बघतोय. माणसं सहाच. हेडमास्तरांचं नाव तिने सगळ्यात वर लिहिलंय.